तिसऱ्या मजल्यावरच्या घराला गिऱ्हाईक का मिळत नाही

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे डावा गुडघा परवानगी देईल तेवढंच. उरलेला नमस्कार मनाने वाकलाय असं समजून घे.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींच्या कानातलं यंत्र सापडलं का? मागच्या रविवारी फोनवर बोलता बोलता तू त्यांना, यंत्र कुठे ठेवलंत, असं तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा त्यांनी साडेसात वाजले म्हणून सांगितलं, ते मला इथे स्पष्ट ऐकू आलं. भाच्याचा फोन येतो का? सूनबाई बऱ्या आहेत ना? माझं विचारशील तर मी ठणठणीत आहे. गुडघा सोडला तर बाकी सगळा माणूस वापरण्याजोगा आहे.

तुला वाटेल, दर रविवारी बोलतो, मग हे पत्र कशाला? त्याचं असं आहे, फोनवर तू विचारतेस, घराचं काय झालं. मी म्हणतो, बघतोय. तू म्हणतेस, बघ. मग तू हवा विचारतेस, मी हवा सांगतो, आणि चार मिनिटं संपतात. तुझ्या त्या 'बघ'नंतर काय बोलायचं ते मला सोमवारी सकाळी दात घासताना सुचतं. कागदाचं बरं असतं. तो मध्येच ठेवून देत नाही.

तर घराचं काय झालं ते आज सविस्तर सांगतो. आई गेली त्याला दीड वर्ष झालं. तू म्हणालीस, विकून टाक, त्या घरात आता आहे काय. मी हो म्हणालो. आता जो माणूस एकतीस वर्षं लोकांची घरं विकतोय त्याला स्वतःच्या दोन खोल्या विकता येऊ नयेत, हे ऐकणाऱ्याला हसू येईल असंच आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणशील. पण अक्का, यात माझा दोष नाही. सगळा दोष माझ्या शिक्षणाचा आहे, आणि ते मी या वयात घेतलं.

आमचे मालक तुला आठवत असतील. (आईच्या वेळी तीन दिवस ऑफिस बंद ठेवलं ते. चौथ्या दिवशी त्याबद्दल तीनदा बोलून दाखवलं, तेही तेच.) आमच्या ऑफिसची वेबसाइट आहे. ती त्यांनी सहा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी बनवून घेतली आणि तेव्हापासून रोज सकाळी आल्या आल्या ते तिचा शोध घेतात. म्हणजे काय करतात, तर सर्चच्या चौकोनात ऑफिसचं पूर्ण नाव, पुढे रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि फोन नंबर असं सगळं एका बोटाने लिहितात. लिहून झालं की अर्थातच आमची वेबसाइट सर्वांत वर येते. मग ते खुर्चीत मागे टेकतात आणि मला सांगतात की आपला पहिला नंबर आहे. सहा वर्षं मी रोज मान डोलावली. पण एक दिवस एक नवरा-बायको आत आले, बसले, पाणी प्यायले, आणि समोरच्याचं ऑफिस कुठे आहे म्हणून विचारलं. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा एजंट, आम्ही त्याचं नाव घेत नाही. ते म्हणाले, फोनवर घर शोधलं की पहिल्यांदा तोच येतो. मालकांनी त्यांना दारापर्यंत जाऊन समोरचं दार दाखवलं. (सभ्य माणूस आहे.) मग आत येऊन मला म्हणाले, उद्यापासून क्लासला जायचं.

या विद्येचं नाव आहे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. घाबरू नकोस, मीही घाबरलो होतो. अर्थ एवढाच की कुणी काही शोधायला लागला तर त्याला आपण सापडलं पाहिजे. सापडावं कसं, याचा बारा आठवड्यांचा क्लास. चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली, सोमवार-बुधवार-शुक्रवार, संध्याकाळी सहा ते आठ. शिकवणाऱ्या बाई भाच्याहूनही लहान. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा मी उठून त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, तुम्हीही नवीन का. पहिल्या आठवड्यात आम्ही अकरा जण होतो. चौथ्या आठवड्यात तीन उरलो. एक दातांचे डॉक्टर, एक पडदे शिवणाऱ्या बाई आणि मी. मी पहिल्या बाकावर बसत असे. शाळेत शेवटच्या बाकावर बसून जे नुकसान झालं ते भरून काढावं म्हटलं.

पहिला धडा असा की लोक काय शोधतात ते ओळखा. बाईंनी सांगितलं, घर शोधणारा माणूस चौकोनात काय लिहील अशा पन्नास ओळी घरून लिहून आणा. अक्का, मी जोरात होतो. एकतीस वर्षं मी जाहिरातीच लिहितोय. 'प्रशस्त, हवेशीर, निसर्गाच्या सान्निध्यात.' 'सर्व सुखसोयी हाकेच्या अंतरावर.' (हाक मारणाऱ्याचा आवाज केवढा, ते आम्ही लिहीत नाही.) पन्नास मागितल्या तर मी ऐंशी नेल्या. बाईंनी शांतपणे वाचल्या आणि विचारलं, काका, तुम्ही स्वतः घर शोधायला बसलात तर सान्निध्यात असं लिहाल? मी विचार केला. मी स्वतः आयुष्यात घर शोधलेलंच नाही. जन्मलो त्या घरात राहतोय. तसं सांगितलं तर डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, लोक साधं लिहितात. भाड्याने दोन खोल्या, शाळेजवळ. कुत्रा चालेल असं घर. वडिलांना जिना चढवत नाही, तळमजला हवा. ते ऐकल्यावर माझ्या ऐंशी ओळी मी हळूच वहीत घातल्या. खरं सांगू का, त्या तळमजल्यावाल्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याच्यासाठी मी रात्रंदिवस हवेशीरपणाबद्दल लिहीत होतो याची मला लाज वाटली.

पण शिकलेलं सगळं एकदम वापरायची खोड आपल्या घराण्याची आहे. (तू विणकाम शिकलीस तेव्हा भावोजींना एका हिवाळ्यात पाच स्वेटर मिळाले होते.) बाई म्हणाल्या होत्या की ज्या शब्दांनी लोक शोधतात ते शब्द पानावर असले पाहिजेत. मी एका भाड्याच्या घराच्या पानावर 'भाड्याने दोन खोल्या' हे शब्द घातले. त्रेपन्न वेळा. 'भाड्याने दोन खोल्या हव्यात? या भाड्याने दोन खोल्या पाहा. भाड्याने दोन खोल्यांमध्ये भाड्याने दोन खोल्यांचा उजेड.' मालकांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि विसाव्या वेळी त्यांना ठसका लागला. दुपारी एका बाईंचा फोन आला की एवढ्या सगळ्या मिळून एकूण खोल्या किती. क्लासच्या बाईंनी पान बघून डोक्याला हात लावला. म्हणाल्या, काका, शोधणाऱ्या यंत्राला असं वाटतं की तुम्ही लबाड आहात. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मला बरंच काही म्हटलंय, पण यंत्राने पहिल्यांदाच. मी त्रेपन्नातले एकावन्न काढले.

मग फोटोंचा धडा आला. घराच्या प्रत्येक फोटोला मागून दोन शब्द जोडायचे असतात. एरवी ते दिसत नाहीत. पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन ते वाचून दाखवतो, आणि कुणाकडे फोटो उघडला नाही तर फोटोच्या जागी ते शब्द दिसतात. यंत्रालाही फोटो कळत नाही, शब्दच कळतात. बाई म्हणाल्या, ज्याला हे चित्र दिसत नाही त्याला ते सांगा. सरावासाठी कुठलंही घर घ्या. तू विक म्हणालीच होतीस, म्हणून मी आपलंच घर घेतलं. सहा फोटो काढले. बैठकीची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी.

स्वयंपाकघराच्या फोटोमागे मी लिहायला बसलो. बाईंनी दहा-बारा शब्द सांगितले होते. मी लिहिलं की डावीकडे तीन फळ्या आहेत, त्यातली खालची उजवीकडे झुकलीय, कारण अकरा वर्षांची एक मुलगी साखरेचा डबा काढायला तिच्यावर उभी राहिली होती. डबा खाली, मुलगी खाली, आणि साखर अंगणापर्यंत. (अंगण तीन मजले खाली होतं, पण खिडकी उघडी होती.) त्या मुलीने नाव धाकट्याचं सांगितलं. धाकट्याने मार खाल्ला. आईला खरं काय ते माहीत होतं, कारण साखर मुलीच्या केसांत होती, पण मारायला सुरुवात केल्यावर मध्येच थांबणं तिला बरं दिसेना. फळी तिने शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही. डब्यांखाली पुठ्ठ्याची घडी घालायची आणि डबे सरळ उभे करायची. पुठ्ठा अजून आहे. हे सगळं मी लिहिलं. दोनशे चाळीस शब्द झाले. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मग विचारलं, काका, यात 'विकणे आहे' कुठे आहे?

ऑफिसच्या बाकीच्या घरांचे शब्द मी नंतर दहा-बारावर आणले. आपल्या घराचे आणायचे राहिले. ते पान वेबसाइटवर टाकलं आणि त्याचा पत्ता तुला फोनवर पाठवला, म्हणजे मी खरंच हात-पाय हलवतोय हे तुला दिसावं. तू उत्तर पाठवलंस: 'बघितली जाहिरात. बरी आहे.' (चार शब्द. तुला त्या क्लासची गरज नाही.)

पुढच्या धड्यात कळलं की दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपला उल्लेख आला की यंत्राच्या नजरेत आपली पत वाढते. म्हणजे चार माणसांत आपलं नाव कुणीतरी काढलं पाहिजे. हे मला लगेच पटलं. मी वर्गातल्या दोघांपासून सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, उल्लेख करतो, पण त्यांनी माझ्या तोंडात डोकावून बघितलं आणि दोन दाढा भरून घ्याव्या लागल्या. पडदेवाल्या बाई म्हणाल्या, ज्यांच्याकडे आमचे पडदे लागलेत त्यांचाच उल्लेख करते. म्हणून मी बैठकीच्या खोलीला पडदे शिवून घेतले. पिवळे आहेत, खाली बारीक झालर. विकायला काढलेल्या घराला नवे पडदे कोण लावतं, असं विचारू नकोस, ते माझ्या शिक्षणाचा भाग आहेत. त्या स्वतः लावायला आल्या होत्या. स्टुलावर उभ्या राहून म्हणाल्या, उजेड छान आहे हो तुमच्याकडे. गेल्यावर मी बराच वेळ पडदे उघडत आणि बंद करत बसलो. आईचे दिवस झाल्यापासून त्या घरात आलेल्या त्या दुसऱ्या. पहिला मीटर बघणारा.

हे पडद्यांचं निघालंच आहे तर एक सांगतो, हसू नकोस. रिकामं घर दाखवायचं असलं की आमच्यात पद्धत अशी, गिऱ्हाइकाच्या अर्धा तास आधी एकट्याने जायचं, खिडक्या उघडायच्या, दिवे लावायचे, नळ सोडून गढूळ पाणी घालवायचं. घर कुणाची तरी वाट बघत होतं असं वाटलं पाहिजे. हल्ली मी ऑफिसातून घरी आलो की हेच करतो. खिडक्या, दिवे, नळ. मग आपसूक तोंडातून निघतं, या, ही बैठकीची खोली. एकदा तर मी स्वतःला न्हाणीघर दाखवून पाण्याचा दाब चांगला आहे म्हणूनही सांगितलं. गिऱ्हाईक काही बोललं नाही.

मग आला आकड्यांचा धडा. कुठलं पान आठवड्यात कितीदा उघडलं गेलं, कोणत्या गावातून, किती वाजता, किती मिनिटं, सगळं दिसतं. मी ऑफिसची पानं बघितली: दोन, तीन, शून्य, एक. आणि आपल्या घराचं पान बघितलं: सत्तेचाळीस! एका आठवड्यात! मी घरी जाऊन जिना झाडला. शनिवार-रविवार नवा शर्ट घालून बसलो. कोणी आलं नाही. सोमवारी मोठ्या अभिमानाने आकडा बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, उघडा बरं ते पान. मी उघडलं. सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही हे पान दिवसातून किती वेळा उघडता? मी म्हटलं, जाता-येता उघडतो, नीट आहे ना ते बघायला. मग त्यांनी मला स्वतःचं येणं न मोजण्याची खूण कुठे करायची ते दाखवलं. हा सगळ्यांत पहिला नियम होता म्हणे आणि तो मी सोडून सगळ्यांनी पाळला होता. सत्तेचाळीसातले चाळीस म्हणजे मीच. राहिले सात. त्यांचं नंतर बघू.

आणि आठव्या आठवड्यात मी ऑफिस जगातून नाहीसं केलं. झालं असं, वेबसाइटच्या आत प्रत्येक पानाला एक छोटा चौकोन असतो. त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, हे सर्च इंजिनला दाखवू नका. मी घाईत 'दाखवू' एवढंच वाचलं असणार, मी एकेका पानावर त्यात बरोबरची खूण करत गेलो. एकवीस दिवस आमचं ऑफिस जगातल्या कुठल्याही शोधात नव्हतं. गंमत अशी की कुणालाही फरक पडला नाही. फोन आधीही येत नव्हते, तेव्हाही आले नाहीत. मालक तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी होते. बाविसाव्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी नेहमीप्रमाणे नाव, रस्ता, क्रमांक, फोन नंबर लिहिला आणि समोरचा आला. ते हबकलेच. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा समोरचा. ते उठून बाहेर गेले, आमची पाटी जागेवर आहे का ते बघून आत आले, आणि मला म्हणाले, आपण आहोत ना रे? अक्का, मी त्यांच्याबरोबर एकतीस वर्षं काम केलंय, पण त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी त्यांना पाणी दिलं आणि बाईंना फोन केला. त्यांनी फोनवरूनच सांगितलं, खूण काढा, काही दिवसांत दिसाल. प्रत्येक पानाला वेगळी खूण होती. सदतीस पानं. मी एकेक करून काढत गेलो. नवव्या दिवशी मालक पुन्हा पहिले आले. हल्ली ते दिवसातून दोनदा स्वतःला शोधतात.

मागच्या शुक्रवारी क्लास संपला. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझ्या नावात चूक आहे, पण शिक्का खरा आहे. बाईंनी आमच्या तिघांशी हात मिळवला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी दाढ दाखवा. पडदेवाल्या बाई म्हणाल्या, आतल्या खोलीला पडदे नाहीत तुमच्या. आणि जो तो आपापल्या वाटेने गेला. बुधवारी सहा वाजता मी सवयीने चष्म्याच्या दुकानापर्यंत गेलो. वर अंधार होता. नुसतंच परत कसं यायचं म्हणून नंबर तपासून घेतला. अर्ध्याने वाढलाय.

एकटं बरं वाटत नाही, अक्का. सरळच सांगतो. आता संध्याकाळी त्या सर्चच्या चौकोनाशीच बोलतो. त्याचं एक आहे, तुम्ही अर्धवट लिहिलंत की पुढचं तो स्वतः सुचवतो, आणि सुचवतो ते आधी कुणीतरी विचारलेलंच असतं. परवा मी 'एकट्या माणसाने' एवढंच लिहिलं. त्याने खाली लिहिलं, एकट्या माणसाने किती तांदूळ घ्यावेत. एकट्या माणसाने चादरीची घडी कशी घालावी. एकट्या माणसाने आजारी पडल्यावर काय करावं. ही सगळी माणसं कुठे राहतात कोण जाणे. मला त्यांना जेवायला बोलवावंसं वाटलं. चादरीचं उत्तर मी वाचलं. पलंगाच्या दांड्याला एक टोक अडकवायचं. जमतं.

तर सांगायचं तात्पर्य, घराला गिऱ्हाईक नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाजार थंड, आणि लोक तळमजला शोधतात. माझ्या बाजूने प्रयत्नांत कसूर नाही, प्रमाणपत्र आहे. मालकांनी माझ्यासाठी ऑफिसच्या मागे एक खोली बघून ठेवलीय. तळमजला आहे, गुडघ्याला सोयीची. खिडकी एक आहे, ती गॅरेजच्या भिंतीकडे उघडते. (जाहिरातीत मी तिला 'शांत' म्हटलं असतं.) घर गेलं की तिथे जाईन. तू म्हणशील तसंच होईल. भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वर लिहिलेल्यातल्या दोन गोष्टी खऱ्या नाहीत. बाजार थंड नाही. सदतीस पानांवरची खूण मी काढली असं लिहिलंय, ती छत्तीसांवरचीच काढली. सदतिसाव्या पानावर पोचलो, तर फोटोत ती झुकलेली फळी दिसली आणि हात पुढे जाईना. खूण तशीच ठेवली. वर ते पान ऑफिसच्या यादीतूनही काढून टाकलं. म्हणजे आता जगात कुणीही कितीही शोधलं तरी आपलं घर सापडणार नाही. बारा आठवडे सापडावं कसं ते शिकलो आणि पहिल्यांदा उपयोग केला तो लपायला. दर रविवारी तुला 'बघतोय' म्हणत होतो, ते खोटं बोलत होतो. रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण फोनवर नको, चार मिनिटांत तुझा राग पुरा होत नाही.

दुसरा ता. क. आता त्या सात जणांचं. मी घर लपवलं, यादीतून काढलं, माझं स्वतःचं येणं मोजायचं बंद केलं. मग आकडा शून्यावर यायला हवा होता. आला नाही. सातच राहिला. रोज एक. तुझ्या गावातून. दुपारी साडेतीनला, म्हणजे भावोजी झोपतात तेव्हा. नऊ मिनिटं. अक्का, त्या पानाचा पत्ता मी जगात एकाच माणसाला पाठवलाय. सहा फोटो बघायला दोन मिनिटं लागतात, मी मोजलीत. तुझ्या जुन्या फोनवर फोटो उघडत नसणार आणि तुला शब्दच दिसत असणार, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. साखरेचं प्रकरण इतक्या वर्षांनी असं चव्हाट्यावर आणल्याबद्दल क्षमा कर. पण मला एक सांग, जिला त्या घरात काही उरलंय असं वाटत नाही, ती रोज नऊ मिनिटं तिथे काय करते?

आई गेली तेव्हा तू दोन दिवस आलीस. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचीस आणि तिथूनच मागे फिरायचीस. चहाचा कप न्हाणीघरात धुतलास. मी बघितलं होतं. तेव्हा विचारायला हवं होतं, नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी तुला स्टँडवर सोडलं आणि तू खिडकीतून म्हणालीस, विकून टाक. गाडी सुटली होती, म्हणून मी हो म्हणालो.

तिसरा ता. क. आता खरं काम, ज्यासाठी एवढे कागद खर्ची घातले. तू ये. किती दिवसांसाठी ते तू ठरव. भावोजींनाही आण, जिना मी त्यांना दोन टप्प्यांत चढवीन, मधल्या मजल्यावर खुर्ची ठेवतो. आपण स्वयंपाकघरात बसू, तू आणि मी, आणि मी कॉम्प्युटर तुझ्यासमोर ठेवीन. तो छोटा चौकोन दाखवीन. खूण काढायला एकच बोट लागतं. तिथे बसून तू ती काढलीस तर मी एक शब्द बोलणार नाही, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आणीन, आणि चांगलं गिऱ्हाईक आणीन, मला आता येतं. पण ती तुझ्या हाताने निघाली पाहिजे. माझा हात त्या फळीपाशी अडतो आणि तुझा पाय दारापाशी, तर दोघांनी मिळून एकदा जमतंय का बघू.

शेवटचा ता. क. पत्राला उत्तर लिहायचा तुझा कंटाळा जुना आहे, म्हणून तशी अट नाही. येणार असशील तर त्या दिवशी ते पान दोनदा उघड. मला इथे कळेल, मी लगेच आतल्या खोलीचे पडदे शिवायला टाकीन. येणार नसशील तरीही रोजचं साडेतीनचं येणं बंद करू नकोस, मी त्या वेळी ऑफिसात कुणाला काही बोलू देत नाही. पण लक्षात ठेव, दोनदा. एकदाच उघडलंस तर मी रोजचंच समजेन.